कडेला उभे असलेले काका

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा तिने त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं. आठवलं की तिला आजही हसू येतं. तिची नजर त्याच्या हातातल्या जुन्या फोटोवर. फ्रेम करणारीचा जीव मापात!

फोटोत त्याची आत्या, मावशी, मधोमध शाळकरी तो आणि पार कडेला अवघडून उभे एक गृहस्थ. पांढऱ्या पुठ्ठ्याची किनार सुबक बसावी म्हणून तिने त्या गृहस्थांना खुशाल झाकून टाकलं.

फ्रेम न्यायला आला आणि त्याचा चेहरा पडला. "काका कुठे गेले?"

"ते... मला वाटलं, कुणी पाहुणे असतील—"

"भाडेकरू म्हणून आले होते. आईबाबा गेल्यावर मला आत्या-मावशीने सांभाळलं. त्या नोकरीला गेल्या की माझा डबा, अभ्यास, आंघोळ, सगळं काकांकडे. वेणी तेवढी घालायची राहिली."

ती हसली नाही. तिच्या पदरी एक लेक होती. "मुलीला आजोळी ठेवता येईल ना?" असं विचारणारी सगळी स्थळं तिने परत पाठवली होती. आणि आज स्वतः काय केलं? लोका सांगे ब्रह्मज्ञान! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने फ्रेम नव्याने करून दिली. तरी तो येतच राहिला. कधी खिळा हवा, कधी हूक.

"खिळे समोरच्या दुकानात मिळतात."

"तिथले आजोबा हसत नाहीत हो."

तो आवडायला लागला होता, म्हणूनच एके दिवशी तिने सांगून टाकलं, "मला मुलगी आहे. जिथे ती नाही, तिथे मी नाही."

त्याने टेबलावरची मापाची टेप उचलली. "मोठ्यात मोठी फ्रेम केवढी होते?"

"कुणाचा फोटो?"

"आमच्या घरची चौघं. आणि तुम्ही दोघी... आलात तर."

"माझी लेक एका जागी उभी राहत नाही हं!"

"मग आणखी रुंद कर."

तो फोटो आज त्यांच्या बैठकीत आहे. काका आता नाहीत. फोटोच्या वेळी ते सवयीने कडेला सरकले, पण लेकीने हात धरून त्यांना मध्ये ओढलं, म्हणून जरा हललेले आलेत. या फ्रेमला तिने किनार लावलीच नाही.

काच पुसताना तिचा हात लेकीच्या केसांपाशी थांबतो आणि डोळे भरून येतात. त्या सकाळी काकांनी आयुष्यातली पहिली वेणी घातली होती. चांगलीच वाकडी आहे.