मुरलीचं राहिलेलं दान

सांगतो सुरेंद्र, पण मध्ये हसू नकोस. आणि तो पंखा बंद करू नकोस, थंडी वाजली तरी.

पोंगलला मी तंजावरला गेलो होतो ना, तेव्हाची गोष्ट. अम्माने नुसतं इडलीचं भांडं आणायला पाठवलं होतं अखिलाक्काकडे. ही माझी मोठी चुलत बहीण, राजवाड्यामागच्या गल्लीत राहते. लग्न ठरलेलं, मुलगा अमेरिकेत, व्हिसा आला की तिकडे जाऊन लग्न करायचं. म्हणून सामान वाटून टाकणं चाललेलं. मी गेलो तर बाई बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेली.

"ओळख बघू," म्हणाली आणि डबा हलवला. खळ्ळ वाजलं, माझ्या अंगावर काटाच आला. आनंदाने हां. तेव्हा तरी आनंदानेच.

अरे, शाळेत असताना आम्ही तिघं एक खेळ खेळायचो. मी, अक्का आणि शेजारचा मुरली. मुरलीच्या मामाने सिंगापूरहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलेलं. राक्षस, जादूगार, भुयारं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली ते फासे टाकून ठरवायचं. वेडच लागलं आम्हाला. मामा दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन परत जाणार, म्हणून झेरॉक्सला धावलो, तर अर्ध्यातच करंट गेला. राक्षस आले, नियम राहिले.

मग काय, नियम आम्हीच केले! पुस्तकातले ते चित्रविचित्र फासे तंजावरात कुठले मिळणार? अक्काच्या अम्माचे, वत्सलाकाकीचे, तायमचे फासे पळवले. तायम म्हणजे आपल्या सारीपाटासारखाच खेळ, वैकुंठ एकादशीच्या जागरणाला बायका खेळतात. पितळेचे लांबट फासे, बोटाएवढे. आमचं भुयार राजवाड्याखालून थेट तिरुवैयारूला निघायचं. त्यात पोथ्या खाऊन माजलेला एक किडा होता, गरम रसम ओतलं तरच मरणारा. आणि जादू करायची तर मंत्र अख्खा मराठीत म्हणायचा, मध्ये एक जरी तमिळ शब्द आला की जादू आपल्यावरच उलटणार. हा अक्काचा नियम. आम्ही तंजावरचे मराठी, बोलायचो सगळं तमिळ मिसळून, त्यामुळे रोज कोणीतरी आपल्याच मंत्रात जळायचं.

मेल्यावर काय, ते पान मात्र झेरॉक्स झालंच नव्हतं. तो नियम मुरलीने केला, तायममधून उचलून. प्रत्येक वीराची सोंगटी म्हणजे एक चिंचोका. मेलेल्याचा चिंचोका घराच्या उंबऱ्यावर ठेवायचा. त्याच्या नावाने तायम पडलं, म्हणजे एक फासा कोरा आणि दुसऱ्यावर एकच टिंब, की तो परत आत. आणि लगेच पुढचं दान त्याचंच. त्याने टाकल्याशिवाय बाकी कोणी हलायचं नाही.

तो स्वतः दान टाकायला जाम वेळ लावायचा. डोळे मिटून फासे तळहातांत घासत बसायचा. घुर्र... घुर्र... आम्ही ओरडायचो, "टाक की डा!" डा म्हणजे तमिळमधलं आपलं 'रे'. की तो हसत आणखी घासायचा.

एकदा त्याचाच वीर मेला. चिंचोका उंबऱ्यावर. आम्ही टाकतोय, टाकतोय, तायम काही पडेना. त्याला ओरत्तनाडूला आजोळी जायचं होतं. मी नसताना टाकू नका, एवढं बजावून गेला. तिकडे ताप आला, आणि... परत आलाच नाही.

तेव्हा बंद केलेला डबा हा. अक्काने चिंचोका शोधून उंबऱ्यावर ठेवला.

"तो अजून बाहेरच आहे रे," ती म्हणाली. "मी गेल्यावर अम्माही इथे राहणार नाही, हे घर बंद. त्याला असं उंबऱ्यावर सोडून कशी जाऊ? तू टाक त्याच्या नावाने."

मी थट्टा करून बघितली. पण खरं सांगू, मलाही तो आत यायला हवा होता.

दिवेलागणीची वेळ. काकीने देवापुढे समई लावली आणि करंट गेला. गल्लीतले टीव्ही, मिक्सर, सगळं एकदम गप्प. हाताला जुन्या पितळेचा वास. मी टाकलं.

एक कोरा. दुसऱ्यावर एक टिंब.

अक्का रडत रडत हसली. चिंचोका उचलून आत ठेवला. खाली पडलेल्या फाशांना दोघांनीही हात लावला नाही.

"आता?"

"आता त्याचं दान," ती हळूच म्हणाली.

बसलो की वाट बघत, खुळ्यासारखे! मग करंट आला, काकीने कॉफीला हाक मारली. निघताना अक्काने फासे माझ्या पिशवीत टाकले. म्हणाली, तू ठेव. इथे आल्यावर मी ती पिशवी गाठ मारून माळ्यावर टाकली.

त्यानंतर बघ. अक्काचा व्हिसा अडकलाय, कारण कोणी सांगत नाही. लग्न पुढे पुढे ढकलतायत. माझं बघ. वायटूकेच्या नावाखाली सॉफ्टवेअर कंपन्या दिसेल त्याला उचलतायत, तू लागलास, अख्खी बॅच लागली. माझं पत्र निघालंय म्हणतात, येत नाही.

काल अक्काचा फोन आला. "विघ्नेश... त्याने टाकलं का रे?"

मी हसलो. ती हसली नाही.

आणि आज दुपारी तू बाहेर असताना इथे करंट गेला. पंखा थांबला, तेव्हा ऐकू आलं. वरून, माळ्यावरून. घुर्र... घुर्र... आधी वाटलं उंदीर. पण उंदीर असा एका लयीत नाही रे घासत.

भीती नंतर वाटली. आधी हसूच आलं, इतक्या वर्षांनी तो आवाज. तोंडातून आपोआप निघालं, "टाक की डा, मुरली."

आवाज थांबला.

मी थांबलो. आता पितळ खाली पडल्याचा आवाज येईल... आला नाही.

स्टुलावर चढून पिशवी काढली. गाठ मी मारलेली तशीच. सोडली, आत हात घातला. फासे कोमट होते. बराच वेळ कोणाच्या तरी तळहातांत असल्यासारखे.