लंगडीची हाक

माळावर दहा लांडगे ओरडले. कानू म्हणाला, "तीन."

"दहा," वल्लरी म्हणाली. "मी मोजले."

"तीनच आहेत," आजोबा कानूच्या छातीवरच्या पडद्यावरचा आकडा बघत म्हणाले आणि पुढचं सगळं त्याच्याशीच बोलू लागले.

वल्लरी उठून लांब जाऊन बसली. आजोबा प्राण्यांच्या आवाजांचे अभ्यासक. गेल्या सुट्टीपर्यंत करमाळ्याच्या या माळावर ते तिलाच शेजारी बसवायचे, "कोण गं हे?" असं तिलाच विचारायचे. यंदा ती जागा या गुडघ्याएवढ्या, ताटलीएवढ्या कानांच्या यंत्रमानवानं घेतली होती. जेवतानाही त्याचंच कौतुक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा चहा करत होते, तेव्हा तिनं माती कालवली आणि कानूच्या दोन्ही कानांत लिंपली.

थोड्याच वेळात माळाच्या अलीकडच्या टोकाला लांडगे ओरडले. आजोबा लगबगीनं बाहेर आले. "कानू, लंगडी होती का त्यात?"

"मला फक्त जवळचं ऐकू येतंय. लांडगे ऐकूच आले नाहीत."

आजोबांनी त्याचे कान चाचपले. बोटांना माती लागली. ते पायरीवर बसले.

"कळपातली धाकटी चार दिवस दिसलेली नाही," ते म्हणाले. "पायानं लंगडते. जिवंत असेल तर घरच्यांच्या हाकेला ओ देईल, तेवढंच ऐकायचं होतं. मला आता लांबचं ऐकू येत नाही, वलू. म्हणून तर कानू आणला."

हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"माती मी घातली," ती खाली बघत म्हणाली. "तुम्ही सारखं त्यालाच विचारता." मग हळूच म्हणाली, "पण मी ऐकलंय. आधी सगळे ओरडले, मग थांबले. ओढ्याकडून एकटाच आवाज आला, मध्येच तुटणारा. मग पुन्हा सगळे."

"करून दाखव."

आजोबांनी कानूचे कान पुसले. वल्लरीनं हेल काढला.

"लंगडीच्या जुन्या आवाजाशी बराच जुळतो," कानू म्हणाला.

आजोबांनी काठी उचलली. ओढ्याकडे जाता जाता ते सांगू लागले, "कळप म्हणजे एक घरच. आई, बाप आणि त्यांची मुलं. पांगले की असे हेल काढून एकमेकांना बोलावतात. प्रत्येकाचा आवाज निराळा, त्यामुळे हाक कुणाची ते कळतं."

"मग तिघांचे दहा कसे झाले?"

"ते एका सुरात ओरडत नाहीत. प्रत्येक जण आपली वारंवारता (आवाजाची एका सेकंदातली कंपनं) सारखी वरखाली करतो. एका गळ्यातून इतके सूर निघाले की ऐकणाऱ्याला गळेच जास्त वाटतात. परक्या कळपालाही तसंच वाटतं, आणि तो लांब राहतो."

"म्हणजे मी चुकीचं नव्हतं ऐकलं."

"ऐकलंस बरोबर. मोजलंस चुकीचं."

कानू मागून तुरुतुरु येत होता. "वल्लरी, आजची हाक माझ्याकडे नोंदलेली नाही. पुन्हा काढशील?"

तिनं त्याला थोडं ताटकळत ठेवलं. मग ओढ्याच्या काठावर उभी राहून तोंडाशी हात धरले आणि लांब हेल काढला.

पलीकडच्या बाभळींतून ओ आली. मध्येच तुटलेली.

आजोबांना ती ऐकू आली नव्हती. ते दोघांकडे पाहत होते. वल्लरीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण तिनं कानूला कोपरानं ढोसलं. "सांग की."