शेवटची जुळणी

प्रयोगशाळेत कपाटं बसवायला आलेल्या सुताराने एकाच दिवसात दुसऱ्यांदा स्वतःची ओळख करून दिली, तेव्हा तिथल्या संशोधिकेला वाटलं, स्वारी भाव खातेय.

"सकाळीच भेटलो की आपण!" ती फणकारली.

आवाज ऐकताच तो ओशाळला. "अरे... तुम्ही होय! सकाळी केस मोकळे होते तुमचे."

"म्हणून काय माणूस बदलतं?"

"माझ्यासाठी बदलतं. मला चेहरे ओळखू येत नाहीत, लहानपणापासून. सख्ख्या आईलासुद्धा चालीवरून ओळखतो."

ती मेंदूचीच संशोधक. तिने त्याला तपासणीसाठी बोलावलं. डोक्यावर तारांची टोपी चढवताना तिची बोटं त्याच्या कपाळाला लागली, नि तिने ती जरा उशिरानेच उचलली.

"काय बिघडलंय?" त्याने विचारलं.

"मेंदूच्या बाहेरच्या थरात चेतापेशींची जाळी असतात. एकट्या पेशीला फारसं काही कळत नाही. काही नुसत्या रेघा टिपतात, काही वळणं, काही रंग. टिपलेलं पुढच्यांना कळवतात, पुढच्या पुन्हा मागच्यांना विचारतात. अशी देवाणघेवाण होऊन चेहरा जुळतो. तुझ्या... तुमच्या मेंदूत नाक-डोळे सगळं पोचतं. शेवटची जुळणी तेवढी होत नाही."

"तुझ्या म्हटलंत तरी चालेल."

"कपाटं कधी संपणार?" तिने विषय बदलला.

"परवाच संपली. बिजागऱ्या घट्ट करायच्या निमित्ताने येतोय."

ती हसली. मग रोजचा चहा बरोबर होऊ लागला.

एका संध्याकाळी चौकात तिची वाट बघता बघता त्याने तिच्यासारखाच हिरवा कोट घातलेल्या भलत्याच बाईचा हात धरला. "चल, उशीर झाला!" बाई किंचाळली, माणसं जमली. तेवढ्यात ती स्वतः धावत आली नि तिने सगळ्यांची कशीबशी समजूत घातली.

तो बाकावर मान खाली घालून बसला. "हे जन्मभर असंच चालणार. माझ्याशी लग्न करायचं तर नीट विचार कर... उद्या शाळेतून कुणाचंही पोर उचलून आणीन मी."

"यावर औषध नाही," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं.

"तेच म्हणतोय."

"पण घसा आहे ना मला. दिसलास की मीच हाक मारेन. दर वेळी. आणि पोरांनाही सांगू, बाबा दिसले की आधी ओरडायचं."

त्याने मान वर केली. "पोरांना? म्हणजे... तू लग्नाला तयार आहेस?"

"हो," ती म्हणाली. "ऊठ आता. तुझ्या आईंना सांगायला जाऊ."