मुक्कीने तोंड फिरवलं

चाखणार : मुक्की.
निकाल : नाही.

"खाल्ली नाही! हर्षल, बघ, तिने खाल्लीच नाही!"

गायत्री ओट्यावरून ओरडली तसा हर्षल पत्त्यांचा डाव टाकून धावला. मागोमाग गायत्रीची छोटी बहीण सोनाली. बुधवारा पेठेतल्या त्यांच्या मिठाईच्या दुकानासमोर एक सपाट दगड होता. दगडावर खव्याची मावा जिलबी. काळीभोर, गरम, पाक गळणारी. आणि मुक्की, गल्लीतली कधीच न हंबरणारी गाय, तिच्याकडे पाठ करून भिंतीवरचं पोस्टर ओढत होती.

"पोस्टर खाते अन् जिलबी नाही? पागल झाली काय ही?" हर्षल म्हणाला.

"तुमच्या नेपानगरची असेल! कागदावर वाढलेली!"

"ए! माझे बाबा तिथल्या कारखान्यात कागद बनवतात, खात नाहीत!"

सुट्टीतला आतेभाऊ म्हणजे भांडायला हक्काचा माणूस. पण आज गायत्रीला भांडायचं नव्हतं.

शालिग्राम आबांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, दुकानाची रीत होती. पहिल्या घाण्यातली पहिली जिलबी गाईची. रोज संतोषकाका ती दगडावर ठेवत, हात जोडत आणि वळून आत जात. गाय खाते की नाही, हे बघायला कुणी थांबत नसे. नमस्कार झाला, काम झालं!

"कालचीपण तिथे आहे," सोनालीने नालीकडे बोट दाखवलं.

होती. अख्खी. फुगलेली.


चाखणार : सोनाली, वय सात.
निकाल : अजून एक द्या!

"तू सकाळी खाल्लीस ना? कशी होती?"

"गोड!"

"अजून?"

"वेलची. खूप वेलची." सोनाली जरा थांबली. "ताई, पोट दुखतंय माझं. आईला नको सांगू, ती मग देणार नाही."

गायत्रीने दगडावरची जिलबी उचलून नाकाशी धरली. वेलची. खरपूस मावा. आणि त्याच्याखाली काहीतरी... नव्याने रंगवलेल्या खिडकीसारखं. रंग इतका काळा, वास इतका गोड, की माणूस पहिल्याच घासाला फसेल. मुक्कीला त्या दोन्हीचं कौतुक नव्हतं.

"मावा तोच," हर्षल बोटांवर मोजत म्हणाला. "तूप तेच. आबा तेच. मग नवीन काय आलं?"

दोघं एकदम मागच्या अंगणाकडे वळले.

निळा ड्रम!

उन्हाळ्यात नळ रुसले की पाणी साठवावं लागे. संतोषकाकांनी परवाच हा ड्रम आणला होता. दिवसभर उन्हात तापलेला. गायत्रीने झाकण उचललं आणि झटकन मागे सरली. कडेच्या खाचेत जांभळी रेघ होती.

"हा तर रंगाचा ड्रम! पॉवरलूमचं सूत रंगवतात ना, तिथला!"

"पक्कं?"

"पक्कं नाही. विचारू."

"कुणाला?"

"जी खोटं बोलत नाही तिला!"

दोन घमेली दगडापाशी मांडली. एकात घरातल्या माठाचं पाणी, दुसऱ्यात ड्रमचं. मुक्की तहानलेलीच होती. माठाचं पाणी तिने एका दमात ओढलं. दुसऱ्याशी नाक नेलं, फुरफुरली आणि मागे झाली. हर्षलने घमेल्यांच्या जागा बदलल्या, माठाचं परत भरलं. तोच निकाल!

"चक् चक् चक्! काय खेळ मांडलाय?" संतोषकाका दारात उभे.

"काका, ड्रम खराब आहे! सोनालीचं पोट..."

"साबणाने धुतलाय मी, दोनदा! गाईचे नखरे ऐकून धंदा करू काय? उद्या आखाजी, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त. सामूहिक लग्नाची सगळी जिलबी आपली आहे. अन् पाक आबांनी स्वतः हुंगून पास केलाय! आबांच्या नाकावर शंका घेतेस तू?"

 आबांच्या नाकावर अख्खा इतवारा बाजार विश्वास ठेवत होता. लोक मावा घेण्याआधी तो आबांकडून हुंगून घेत.


चाखणार : आबा.
निकाल :

(इथे काहीच लिहिता येत नाही.)

गायत्री आत गेली तर खोलीत करपलेल्या दुधाचा धूर. पातेलं आबांच्या पाठीमागे, चुलीवर काळं पडत होतं. आबा शांतपणे वेलची सोलत बसले होते.

"ये बेटा, बस."

"आबा... दूध करपलं."

आबा दचकून वळले. आधी पातेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सर्दी आहे जरा," ते म्हणाले.

मे महिन्यात? न शिंकणारी, न वाहणारी सर्दी? आणि म्हणून एवढी वेलची! आता ते हाताच्या अंदाजाने टाकत होते, नाकाच्या नव्हे.  गायत्री पळत अंगणात आली आणि तिने हर्षलला सगळं सांगितलं.

"अरे यार," तो हळू आवाजात म्हणाला. "मग सांगून टाक ना सगळ्यांना!"

"अन् मग आबांना कोण विचारणार? त्यांच्या नाकावर तर दुकान आहे!"

"अन् उद्याच्या लग्नातली लहान पोरं? सोनालीएवढी?"

गायत्री ड्रमकडे वळली. आतून सोनालीचं कण्हणं ऐकू आलं.

"आबांचं नाव नाही घ्यायचं," गायत्री म्हणाली. "ड्रमलाच बोलू दे. ना वेलची, ना साखर. नुसतं पाणी!"


चाखणार : संतोषकाका.
निकाल : थू!

काका घामाघूम होऊन सामान उतरवत होते. हर्षलने ट्रेमध्ये ग्लास पुढे केला. "मामा, उन्हातून आलात. घ्या, पाणी."

"शाबास! याला म्हणतात पोरगा!"

काकांनी ग्लास ओठांशी नेला. हर्षलचा हात ग्लास हिसकायला तयारच होता. पण गरज पडली नाही. काकांनी तोंड कडू केलं आणि ग्लास लांब धरला.

"थू! कुठलं पाणी हे? मला मारता का रे?"

"तुमच्याच ड्रमचं, मामा. साबणाने धुतलेल्या!"

"तुम्ही नाही पिणार, मुक्की नाही पिणार," गायत्री पुढे होऊन म्हणाली. "मग लग्नातल्या लोकांनी का खायचं?"

काकांनी ग्लास ट्रेमध्ये ठेवला. मग हट्टाने म्हणाले, "पण आबांनी पाक हुंगला होता! विचार त्यांना!"

आबा दारातच उभे होते. गायत्रीला वाटलं, जमिनीने आपल्याला गिळावं. हेच टाळायला तर तिने एवढं केलं होतं!

आबांनी ग्लास हातात घेतला. नाकाशी धरला. खूप वेळ.

"मला काही येत नाही," ते म्हणाले. "थंडीतल्या तापापासून. कशाचाच वास येत नाही. मी नुसतं हुंगल्यासारखं करतो, अन् तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणता."

आबांनी ग्लासातलं पाणी ओतून दिलं. 

"संतोष, आधी पोरीला डॉक्टरकडे ने. मग काल-आज ज्यांनी ज्यांनी जिलबी नेली त्यांच्या घरी जा. लग्नवाल्यांना मी सांगतो. जेवढी होईल तेवढीच देऊ, पण नवी." ते गायत्रीकडे वळले. "तू मला वाचवत होतीस, होय ना? वेडी. नाव खरंच वाचवायचं असतं, तर मी थंडीतच खरं बोललो असतो. तुम्ही पोरं आज माझ्यापेक्षा मोठी निघालात."

असली शाबासकी गायत्रीला नको होती. पण मिळाली ती हीच.


आखाजीची सकाळ. सोनाली औषध घेऊन, तोंड वाकडं करून ओट्यावर बसलेली. ड्रम भोकं पाडून टाकून दिलेला, म्हणजे परत कुणी पाणी भरायला नको. पहिल्या घाण्यातली पहिली जिलबी काकांनी दगडावर ठेवली, हात जोडले, आणि...

थांबले. सगळेच थांबले.

मुक्कीने नाक नेलं. फुरफुरली.  मग एक लांब खरखरीत जीभ आली आणि जिलबी गेली!

"खाल्ली!" सोनाली किंचाळली.

आबा हसले नाहीत. त्यांनी कढईतली दुसरी जिलबी पाकात बुडवून गायत्रीच्या हातात दिली.

"आता तुझं नाक. पण नुसतं बरं आहे म्हणू नकोस. मला नीट सांग, वास कसा येतोय."

गायत्रीने डोळे मिटले. 

"आबा... मावा जरा जास्त भाजलाय. शेंगदाणे भाजल्यासारखा. मग तूप. पाऊस थांबल्यावर स्वयंपाकघरात बसतो ना, तसं उबदार. अन् वेलची... आबा, वेलची अजूनही जास्तच होतेय."

आबांनी मुठीतल्या वेलचीतली अर्धी परत डब्यात टाकली.

"बोल," ते म्हणाले. "अजून बोल."