फाशांवरचे ठिपके

"टाक ना ताई, फासे! अशी थिजल्यासारखी काय बसलीस?"

ताईनं फासे मुठीत घट्ट धरले. लग्नानंतर चार वर्षांनी धाकटी माहेरी आली होती, तीही दोनच दिवस. परवा ती नवऱ्यासोबत दूरदेशी निघणार होती, तिथल्या इस्पितळात नर्स म्हणून रुजू व्हायला. एवढे दोन दिवस निभावून न्यायचे, तिला काही म्हणता काही कळू द्यायचं नाही, असं ताईनं मनाशी घट्ट ठरवलं होतं... आणि नेमका धाकटीनं सामानातून हा बॅकगॅमनचा पट काढला!

"सोपं आहे गं. चोवीस घरं, पंधरा-पंधरा सोंगट्या. तुझ्या काळ्या, माझ्या तपकिरी. फासे पडतील तेवढं चालायचं, सगळ्या आपल्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या, मग एकेक बाहेर काढायची. एकटी सोंगटी उघड्यावर ठेवलीस तर मी मारीन हं!"

फासे खडखडले, थांबले... दुपारच्या लख्ख उजेडातही ताईला दिसले ते दोन पांढुरके डाग! ठिपके कुठे होते? तिनं फासे उचलून हळूच अंगठा फिरवला. बारीक खळगे बोटाला लागले. "चार... आणि दोन."

"अगं, उचलतेस कशाला?"

घाबऱ्याघुबऱ्या ताईनं सोंगटी सरकवली.

"ती माझी आहे! लक्षच नाही तुझं. माझ्यासाठी तुला वेळ होता कधी? साऱ्या जगाचे कपडे शिवलेस, माझ्या लग्नाचा पोशाख तेवढा नाही शिवलास!"

पुढच्या पाळीला ताईनं फासे टाकले, तर एक पटाबाहेर घरंगळला. ती वाकून जमीन चाचपू लागली. इथे नाही... तिथेही नाही... धाकटीच्या बांगड्या अगदी जवळ वाजल्या.

"ताई, वर बघ. किती बोटं?"

"...तीन!"

क्षणभरानं हुंदका ऐकू आला. "मी हात वर केलाच नव्हता गं, ताई! कधीपासून हे?"

"तुझ्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षापासून. डॉक्टर म्हणाले होते, काचबिंदू आहे, ताबडतोब ऑपरेशन करा. पण शिवण थांबली असती, तर तुझं शिक्षण..." ताईनं जमीन चाचपणारा हात मागे घेतला. "तुझ्या पोशाखाचं कापड तीनदा हाती घेतलं गं. टाकाच दिसेना! वाकडं शिवण्यापेक्षा तुझा राग बरा वाटला."

"मी परक्यांच्या डोळ्यांत थेंब घालत बसले, आणि तू!..."

"तू जा, बाई. माझ्यापायी थांबू नकोस. फक्त..." जन्मात कधी न उच्चारलेले शब्द ताईच्या ओठांतून निसटले, "मला फार भीती वाटते गं! जिन्याची, शेगडीची... उद्याची!"

धाकटीनं नवऱ्याला फोन लावला. "तुम्ही पुढे व्हा. मी आत्ता येत नाही. ताईची नजर उरलीय तेवढी तरी वाचवायचीय."

"अगं, पण नोकरी..." ताईनं तिला अडवलं.

"आजवर तुझं ऐकलं. आता तू ऐकायचंस!"

गेलेली नजर परतणार नव्हती. दोघींनाही ते ठाऊक होतं. पण आई गेल्यापासून जिनं कुणाच्या खांद्यावर मान टेकली नव्हती, ती ताई धाकटीच्या कुशीत शिरली आणि लहान मुलीसारखी मोठ्यानं रडली.