दीडशे अंशांचं शांत पाणी

पाणी शंभर अंशांना उकळतं, हे शर्वाणीला पक्कं ठाऊक होतं. मग काजू कारखान्याच्या बॉयलरमधलं पाणी दीडशे अंशांवर पोचूनही पाणीच कसं? पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाहावं, तर स्वारी आपली गुमान बसलेली!

"आतल्या वाफेनं त्याला दाबून धरलंय," बॉयलरची कामं करणारी रोहिणीमावशी म्हणाली. "उसळायला वावच नाही बिचाऱ्याला."

"मग सोड ना बाहेर!"

"सोडावंच लागतं गं. वाफ निघून जाते काजू शिजवायला, क्षार (पाण्यात विरघळलेली खनिजं) मागेच राहतात. पाणी दाट होत जातं. ते अधूनमधून काढायचं. पण दाब सुटला रे सुटला, की त्यातल्या थोड्या पाण्याची क्षणात वाफ होते. आणि एका पेल्याची वाफ हजाराहून जास्त पेल्यांची जागा मागते!"

"हजार?"

"मग! गटारात सोडलं तर जवळचा माणूस भाजायचा. म्हणून ही नवी ब्लोडाउन टाकी (त्या पाण्याला पसरायला, निवायला जागा देणारी टाकी). वाफ वरच्या नळीतून आभाळात, निवलेलं पाणी खालून गटारात."

मावशीनं टाकीत पाणी सोडायच्या व्हॉल्व्हला हात घातला. वाफ पाहायला शर्वाणीनं मान वर केली. नळीच्या तोंडावर काहीतरी चमकत होतं. झाकण! घट्ट बसवलेलं.

हजार पेले. जातील कुठं?

"मावशी, थांब! हात काढ!"

मावशीनं वर पाहिलं आणि झटकन हात मागे घेतला. "बाबल! हे तुझं काम?"

शेजारी उभा असलेला यंत्रमानव बाबल कालपर्यंत कारखान्याच्या स्वयंपाकघरात होता, आजपासून मावशीच्या हाताखाली. "गरम भांडं उघडं ठेवायचं नाही," तो ऐटीत म्हणाला. "स्वयंपाकाच्या काकींनी शिकवलंय."

"अरे माझ्या राजा, हे भाताचं पातेलं नव्हे! टाकी फुटून मी भाजले असते."

बाबलनं शिडी चढून झाकण काढलं. मावशी व्हॉल्व्हपाशी गेली, पण तिनं तो फिरवला नाही. "तू सांगशील तेव्हाच," ती शर्वाणीला म्हणाली.

शर्वाणीनं नळी दोनदा निरखली, मागं सरकली. "उघड!"

टाकीत पाणी घुमलं. आणि नळीतून पांढराशुभ्र ढग उसळला, फुगत फुगत माडांच्याही वर गेला. इतका वेळ हा त्या शांत पाण्यात मावला होता?

"मावशी," ती हळूच म्हणाली, "मंगळावर हवा किती विरळ! तिथं बॉयलर लावला, तर दाबायला फारसं काहीच नाही, वाफ याहून कितीतरी जास्त पसरेल. टाकी केवढी लागेल?"

"तो हिशोब तू काढ," मावशी म्हणाली. "मी शिडी धरीन."