पलंगामागची भिंत

वहिनी दवाखान्यात होती आणि तिची खोली साफ करायची होती, एवढंच काम. बादली, ब्रश, जंतुनाशकाची बाटली आणि नाकाला लावायला जाड मास्क घेऊन मी दुपारी दादाकडे गेले.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "दमा जुना आहे, पण हे दुखणं घरातलं आहे. बुरशीचे कण श्वासाबरोबर आत जातात. भिंत साफ आणि कोरडी झाल्याशिवाय यांना त्या खोलीत नेऊ नका."

दादानं दार उघडलं आणि परत खुर्चीत जाऊन बसला. जेवलास का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बहुतेक."

खोलीत कुबट वास कोंडला होता, ओल्या कपड्यांचं गाठोडं विसरून राहावं तसा. आम्ही दोघांनी पलंग ओढला. त्याच्या उंच फळीमागे भिंत काळी पडली होती. दाट, मऊ, मखमलीसारखी. मी हात टेकवला. ओल धरलेली भिंत गार लागायला हवी. ही कोमट होती, तापातल्या कपाळासारखी.

"आत गरम पाण्याचा पाइप असेल," मी म्हटलं.

"या भिंतीत पाइप नाही."

मी घासायला लागले. काळं पाणी ओघळत फरशीवर आलं. ब्रशखाली भिंत किंचित आत गेली आणि परत बाहेर आली. मी थांबले नाही. दवाखान्याच्या फेऱ्यांनी दमलेल्या माणसाला काहीही दिसतं.

"हळू घास..." दादा पुटपुटला.

"का?"

"काल मी घासत होतो... तेव्हाच तिकडे तिनं पाठ धरली म्हणे. ओरडत होती."

"योगायोग असेल रे."

त्यानं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. मी पुन्हा ब्रश टेकवला, जरा जोरातच.

फोन वाजला. वॉर्डातली नर्स होती.

"ताई, पेशंटला पडून राहवत नाहीये. पाठभर ओरखडे उठलेत... आत्ता, माझ्यासमोर. ब्रश फिरवल्यासारखे. यांना कसली अ‍ॅलर्जी आहे का?"

मी ब्रश बादलीत टाकला. दादानं एकट्यानं पलंग पुन्हा भिंतीला लावला. "राहू दे," म्हणाला. खोलीला कुलूप घालून मी त्याला माझ्या घरी घेऊन आले.

त्यानंतर वहिनी झपाट्यानं सुधारली. एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टरीणबाई चक्रावल्या, पण चांगल्या बातमीशी कोण भांडतं? आम्ही तिला माझ्याकडेच आणलं. खोकला नाही, धाप नाही. बोलते जरा कमी, एवढंच. दादा तिचे कपडे आणायला जुन्या घरी गेला, तेव्हा भिंत पांढरीशुभ्र होती, कोरडी. कोणी हात लावला नव्हता. ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

काल सकाळी कडाक्याची थंडी होती. वहिनीच्या तपासणीला निघालो होतो, तिघं बसथांब्यावर उभे होतो. दादाच्या तोंडातून वाफ निघत होती, माझ्याही. आता कशाला तपासायचं, मी बरी आहे की, असं वहिनी सांगत होती. एरवी कमी बोलते, पण तेव्हा बराच वेळ बोलत होती. तिच्या तोंडासमोर मात्र वाफेचा मागमूस नव्हता.

दादानंही पाहिलं. त्यानं तिचा मफलर वर ओढला, तोंड नीट झाकलं आणि बस येते का ते बघू लागला.